चार किलोमीटरच्या रेषेवर ११ मिलिमीटरचा फरक: भूकवचाची हालचाल की मोजणीतील त्रुटी?

गोदाकाठ यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. मी नाशिकमधील एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शाखेला सर्वेक्षण हा विषय शिकवते. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या पट्ट्यात अधूनमधून भूकंपाचे हलके धक्के जाणवतात. नोव्हेंबर २०१८ पासून शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडे या विषयाची चर्चा होत असते. दोन टेकड्यांच्या माथ्यांमधील अंतर ठराविक काळाने पुन्हा पुन्हा मोजावे आणि त्यावरून भूकवचात काही ताण साठतो आहे का ते पाहावे, असा प्रकल्प विद्यार्थ्यांनी त्यातूनच सुचवला.

शहराच्या उत्तरेकडील दोन टेकड्या निवडल्या. त्यांच्यामधील तिरकस अंतर सुमारे ४.२ किमी आहे आणि मध्ये शेतीची सखल जमीन आहे. दोन्ही माथ्यांवर खडकात खिळा ठोकून खूण केली आहे. यंत्र म्हणजे टोटल स्टेशन (समोरच्या टोकावरच्या प्रिझमवरून परतणाऱ्या प्रकाशाने अंतर मोजणारे यंत्र) असून त्याची अचूकता निर्मात्याने २ मि.मी. अधिक २ पीपीएम (दशलक्षांश) अशी दिली आहे. जानेवारीत सूर्योदयानंतर लगेच मोजणी केली आणि मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास. दोन्ही वेळी तापमान यंत्राजवळच्या थर्मामीटरने घेतले, हवेचा दाब मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमधून घेतला आणि दोन्ही आकडे यंत्रात भरले. मे महिन्यातील अंतर जानेवारीपेक्षा ११ मि.मी. जास्त आले. प्रत्येक बैठकीतील सर्व वाचने आपसात २ मि.मी.च्या आत जुळत असल्यामुळे त्यांच्या सरासरीवर विश्वास ठेवावा असे विद्यार्थ्यांचे म्हणणे आहे.

हा फरक खरा मानावा का? आणि अशीच मोजणी दरवर्षी केली, तर पाच-सहा वर्षांत भूकवचाच्या विरूपणाबद्दल काही खात्रीने सांगता येईल का?

रेषा_आणि_कोन यांचे उत्तर

मॅडम, आपण मोजणीची वेळ, यंत्र आणि पद्धत इतकी स्पष्ट लिहिली आहे की उत्तर अंदाजाने न देता हिशेब करून देता येते. हा फरक भूकवचाचा नाही. तो जवळजवळ पूर्णपणे हवेचा आहे.

आधी वाचनांच्या जुळणीबद्दल लिहितो, कारण विद्यार्थ्यांचा सगळा विश्वास तिच्यावर उभा आहे. एका बैठकीत दहा मिनिटांत घेतलेली वाचने एकमेकांशी जुळतात, कारण त्या दहा मिनिटांत हवा तीच असते, यंत्रातील वेळ मोजणारा स्फटिक त्याच कंपनसंख्येवर चालत असतो, आणि ट्रायपॉड खुणेपासून जेवढा सरकलेला असेल तेवढाच सरकलेला राहतो. या तिन्ही गोष्टींतून येणारी त्रुटी प्रत्येक वाचनात सारखीच मिसळलेली असते, त्यामुळे शंभर वाचनांची सरासरी घेतली तरी ती कमी होत नाही. आपल्याला हवी ती जुळणी वेगळी आहे: जमीन हललेली नसताना जानेवारीचे उत्तर आणि मे महिन्याचे उत्तर एकमेकांशी किती जुळले असते? बैठकीतील २ मि.मी.चा विस्तार त्याबद्दल काहीही सांगत नाही.

आता हवा. यंत्र प्रकाशाला जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजते आणि हवेचा अपवर्तनांक (हवेत प्रकाश किती मंदावतो ते सांगणारा आकडा) गृहीत धरून त्याचे अंतर करते. तापमान १ अंश सेल्सिअसने चुकले की अंतर सुमारे १ पीपीएमने, म्हणजे किलोमीटरमागे १ मि.मी.ने चुकते. दाब १ हेक्टोपास्कलने चुकला की सुमारे ०.३ पीपीएमची चूक होते. आर्द्रतेचा परिणाम दृश्य आणि अवरक्त प्रकाशासाठी याहून बराच कमी असतो. मात्र जे तापमान लागते ते संपूर्ण किरणमार्गाचे सरासरी तापमान आहे, आणि आपण मोजले ते मार्गाच्या एका टोकाचे, तेही तापलेल्या किंवा गारठलेल्या खडकाला लागून असलेल्या हवेचे.

दिशेचा विचार केला तर चित्र अधिक स्पष्ट होते. जानेवारीत पहाटेनंतर माथ्यावरचा खडक रात्रभर उष्णता टाकून थंड झालेला असतो, म्हणून त्याच्याजवळची हवा दरीवरून जाणाऱ्या किरणाभोवतीच्या मोकळ्या हवेपेक्षा थोडी गार असते. गार आकडा भरला की यंत्र हवा अधिक दाट समजते आणि अंतर कमी दाखवते. मे महिन्यात दुपारी चार वाजता नेमके उलट होते: काळ्या बेसॉल्टला लागून असलेली हवा मोकळ्या हवेपेक्षा उष्ण असते, जास्त आकडा भरला जातो आणि अंतर जास्त येते. जानेवारीत १ अंशाची आणि मे महिन्यात दीड अंशाची अशी चूक धरली, जी या परिस्थितीत अगदी सौम्य म्हणावी लागेल, तर एकूण अडीच पीपीएम होतात आणि ४.२ किमीवर त्यांचे साडेदहा मि.मी. होतात. आपला फरक ११ मि.मी. आहे आणि त्याची दिशाही हीच आहे.

दाबाबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा दाब सहसा समुद्रसपाटीला आणलेला असतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथला प्रत्यक्ष दाब त्यापेक्षा सुमारे ७० हेक्टोपास्कलने कमी असतो, आणि टेकडीच्या माथ्यावर तर आणखी कमी. म्हणजे दोन्ही मोजण्यांत सुमारे २० पीपीएमची, ४.२ किमीवर ८० मि.मी.हून अधिक चूक बसलेली आहे. ती दोन्ही वेळी जवळपास सारखी असल्यामुळे वजाबाकीत बहुतांशी निघून गेली. पुढच्या मोजणीत कोणी चांगल्या हेतूने बॅरोमीटर आणला, तर रेषा एकाएकी ८० मि.मी.ने लांबलेली दिसेल. पुनर्मोजणीत अंतराचे खरे मूल्य कळण्यापेक्षा प्रत्येक वेळी पद्धत तीच असण्याला किती महत्त्व आहे ते यावरून दिसते. यंत्र तेच, प्रिझम तेच, प्रिझमचा स्थिरांक तोच, थर्मामीटर आणि बॅरोमीटर तेच, आणि शक्यतो ऋतू व वेळही तीच असावी.

आता निर्मात्याने दिलेल्या अचूकतेचा हिशेब. २ मि.मी. आणि २ पीपीएम (४.२ किमीवर ८.४ मि.मी.) यांच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ काढले तर एका मोजणीसाठी ८.६ मि.मी. येतात, आणि दोन मोजण्यांच्या फरकासाठी त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १२ मि.मी. हवेची चूक बाजूला ठेवली तरी ११ मि.मी. या आकड्याला इथेच अर्थ उरत नाही.

शेवटी भूकवचाच्या बाजूने पाहू. ४.२ किमीत ११ मि.मी. म्हणजे चार महिन्यांत २.६ पीपीएम, वर्षाला जवळपास ८ पीपीएम. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशाजवळ, जिथे दोन भूपट्ट एकमेकांना घासून जातात, तिथे योग्य दिशेच्या रेषेची लांबी वर्षाला साधारण ०.२ ते ०.३ पीपीएमने बदलते. नाशिकच्या टेकड्या त्याच्या तीसपट वेगाने ताणल्या जात असत्या, तर त्याची जाणीव आपल्याला टोटल स्टेशनच्या कितीतरी आधी झाली असती.

मुरूम_आणि_खडक यांचे उत्तर

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. मात्र खुणेबद्दल कोणी बोलले नाही. रेषेच्या टोकाला असलेला खिळा हा भूकवचाचा प्रतिनिधी आहे असे आपण गृहीत धरतो, आणि दख्खनच्या पठारावर हे गृहीतक नीट तपासून घ्यावे लागते.

आपल्या टेकड्यांच्या माथ्यावर जो खडक उघडा दिसतो तो पुष्कळदा सलग नसतो. बेसॉल्ट गोलाकार ढेकळांत झिजतो, आणि माथ्यावरचा मोठा धोंडा खालच्या मुरमावर नुसता बसलेला असू शकतो. पावसाळ्यात मुरूम भिजला, उन्हाळ्यात वाळला, की तो धोंडा काही मि.मी. सहज कलतो. उतारावर तर तो दरवर्षी एकाच दिशेने थोडा थोडा खाली येतो, आणि तो दरीकडे येत असेल तर समोरच्या टेकडीपर्यंतचे अंतर वर्षानुवर्षे नियमितपणे कमी होताना दिसेल. आलेखावर ती रेघ इतकी सुरेख येईल की तिला भूकवचाचे आकुंचन म्हणण्याचा मोह होईल. सपाटीवरच्या काळ्या मातीबद्दल तर बोलायलाच नको. तिच्या फुगण्या-आकसण्याने घरांच्या भिंतींना तडे जातात, तिथे सर्वेक्षणाची खूण कधीही घेऊ नये.

कॅलिफोर्नियात पार्कफील्ड इथे अतिशय अचूक यंत्राने अनेक वर्षे अंतरे मोजली गेली. पावसानंतर खुणांची स्वतःची हालचाल मोजणीच्या त्रुटीपेक्षा मोठी ठरते, हे तिथेही दिसून आले. अशी भटकंती सरासरीने नाहीशी होत नाही. ती काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत जाते, त्यामुळे मोजण्यांची संख्या वाढवून तिच्यावर मात करता येत नाही. उपाय एकच, खूण खोल आणि चांगली करणे.

माझा सल्ला असा की दोन्ही माथ्यांवर मुरूम संपून सलग काळा खडक लागेपर्यंत भोक पाडावे, त्यात गंजरोधक पोलादी गज सिमेंटच्या ग्राऊटने बसवावा आणि त्यावर काँक्रीटचा खांब बांधावा. खांबाच्या डोक्यावर पक्की तबकडी बसवून तिच्या स्क्रूवर ट्रायब्रॅक (यंत्र समतल करणारी बैठक) थेट चढवावा. ट्रायपॉड आणि ऑप्टिकल प्लमेटने (खालची खूण दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीने) सेंटरिंग करताना, म्हणजे यंत्र बरोबर खुणेवर आणताना, प्रत्येक टोकाला १ मि.मी.ची चूक सहज होते; खांबावर ती दशांश मि.मी.वर येते. शिवाय यंत्राची आणि प्रिझमची उंची दरवेळी तीच राहिल्यामुळे तिरकस अंतराचीच थेट तुलना करता येते. क्षैतिज अंतर काढण्यासाठी उभा कोन वापरला की त्या कोनातील अपवर्तनाची त्रुटीही हिशेबात शिरते, आणि ती टाळण्यासारखी आहे.

प्रत्येक खांबाभोवती दहा-वीस मीटरवर तीन-चार साक्षी खुणा करून ठेवाव्यात आणि दरवेळी आधी त्यांची अंतरे तपासावीत. खांब स्थानिक पातळीवर सरकला असेल तर ते तिथेच लक्षात येईल.

गोदाकाठ

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. हवेच्या चुकीची दिशा आणि प्रमाण दोन्ही जुळतात हे वाचून विद्यार्थ्यांनी स्वतः तो हिशेब पुन्हा केला, आणि माझ्या मते त्यांना या एका गोष्टीतून जे कळले ते पाठ्यपुस्तकातील त्रुटींच्या प्रकरणातून कळले नसते.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिली, हवेची अडचण इतकी मोठी असेल तर उपग्रहांच्या आधी ज्यांनी अंतरे मोजून भूकवचाची हालचाल सिद्ध केली त्यांनी ती कशी दूर केली? दुसरी, हवा आणि खूण दोन्ही सुधारल्यावर नाशिकमध्ये काही दिसण्याची शक्यता आहे का, की प्रकल्पाचा विषयच बदलावा?

वर्गांची_बेरीज यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण या विषयातील सर्वांत सुंदर काम तिथेच झाले आहे असे मला वाटते.

१९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने जिओडोलाइट नावाच्या लेझर यंत्राने कॅलिफोर्नियात त्रिभुजमापनाची (त्रिकोणांच्या बाजू मोजण्याची) मोठी जाळी वारंवार मोजली. मोजणी चालू असतानाच किरणमार्गाच्या कडेने विमान उडवून संपूर्ण रेषेवरचे तापमान आणि आर्द्रता नोंदवली जात असे. इतके केल्यावर एका मोजणीची प्रमाण त्रुटी ३ मि.मी. आणि ०.२ पीपीएम यांच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ इतकी ठरली. हे सूत्र १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. २० किमीच्या रेषेसाठी ३ आणि ४ यांच्यापासून नेमके ५ मि.मी. येतात. त्याच रेषेवर भ्रंशाजवळचा बदल वर्षाला ४ ते ६ मि.मी. म्हणजे एका वर्षाचा बदल त्रुटीइतकाच. पण दरवर्षी एक याप्रमाणे दहा मोजण्या केल्या तर बदलाच्या वेगाची त्रुटी वर्षाला सुमारे अर्ध्या मि.मी.वर येते आणि वेग ठामपणे सांगता येतो. म्हणून दोन वर्षांच्या तुलनेतून त्यांनी फारसे निष्कर्ष काढले नाहीत.

दुसरा मार्ग दोन रंगांच्या यंत्राचा. हवेत निळ्या प्रकाशाचा वेग लाल प्रकाशापेक्षा किंचित कमी असतो. एकाच मार्गावर दोन्ही रंग पाठवून त्यांच्या वेळेतील फरक मोजला तर मार्गावरच्या हवेचा सरासरी अपवर्तनांक त्या फरकातूनच निघतो, आणि तापमान मोजण्याची गरज जवळजवळ उरत नाही. मात्र हा फरक सुमारे २० पटीने गुणावा लागतो, त्यामुळे त्याच्यातील चूकही तितकीच वाढते आणि यंत्र विलक्षण अचूक असावे लागते. पार्कफील्डला असेच यंत्र १९८४ पासून वापरले गेले आणि काही किलोमीटरच्या रेषांवर १ मि.मी.च्या आसपासची अचूकता मिळाली.

तिसरा मार्ग आपल्या आवाक्यातला आहे. एकाच स्टेशनवरून दोन रेषा लागोपाठ मोजाव्यात आणि त्यांच्या लांबींचे गुणोत्तर घ्यावे. त्या वेळी दोन्ही मार्गांवर हवा साधारण सारखी चुकलेली असते आणि यंत्राचा स्फटिक तर तोच असतो, म्हणून दोन्ही त्रुटी गुणोत्तरात बऱ्याच अंशी कटून जातात. याची किंमतही लक्षात ठेवावी: सगळी जाळी एकसारखी प्रसरण किंवा आकुंचन पावली तर गुणोत्तर ते दाखवू शकत नाही. फक्त आकारातील बदल, म्हणजे कातर, दिसते.

यातून एक चाचणी मिळते, ती मी प्रत्येक जाळीवर करतो. सर्व रेषा लांबीच्या प्रमाणात एकत्र वाढल्या असतील तर आधी हवेवर आणि यंत्राच्या प्रमाणावर संशय घ्यावा. एका दिशेच्या रेषा वाढल्या आणि तिला काटकोनात असलेल्या कमी झाल्या, तर जमिनीचा विचार सुरू करावा. एकच रेषा असेल तर ही चाचणी करताच येत नाही. निदान चार बिंदूंचा चौकोन आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. सहा अंतरे मिळतात, आकार ठरवायला पाच पुरतात, आणि सहावे तपासणीसाठी उरते.

मोजण्यांच्या संख्येबद्दल आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावी. सुरुवात आणि शेवट यांच्या बरोबर मध्यावर तिसरी मोजणी केली तर वेगाच्या अचूकतेत काडीचाही फरक पडत नाही, कारण मधला बिंदू उतार ठरवण्यात भागच घेत नाही. तरीही ती मोजणी करावी, कारण बदल एकसारखा झाला की एखाद्या टोकाची मोजणी बिघडली, हे तिच्यामुळेच कळते.

पद्धतशीर त्रुटी किती दूर नेऊ शकतात याचे उदाहरण लेव्हलिंगमध्ये, म्हणजे उंचीतील फरक मोजण्याच्या कामात, आहे. १९७६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात पामडेलभोवती जमीन मोठ्या क्षेत्रावर कित्येक सेंटिमीटर उचलली गेल्याचे जाहीर झाले आणि मोठ्या भूकंपाची काळजी पसरली. पुढे तपासणी झाली तेव्हा अपवर्तन आणि लेव्हलिंग स्टाफचे प्रमाणीकरण यांतील त्रुटींचा त्या फुगवट्यात मोठा वाटा असल्याचे दिसून आले. ती मोजणारी माणसे अनुभवी होती आणि त्यांची वाचने आपसात उत्तम जुळत होती.

रेषा_आणि_कोन

मॅडम, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, आणि ते थोडे निराश करणारे आहे. द्वीपकल्पीय भारत हा भूपट्टाचा आतला, बराच ताठ भाग आहे. भूपट्ट एकसंधपणे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, पण त्यात नाशिकच्या दोन्ही टेकड्या बरोबरच सरकतात आणि त्यांच्यामधील अंतर बदलत नाही. पठाराच्या आतील विकृतीचा, म्हणजे लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या बदलाचा, दर वर्षाला अब्जांशाच्या पातळीवरचा आहे. आपल्या ४.२ किमीच्या रेषेवर त्याचे वर्षाला मि.मी.चे काही हजारांश होतात. खांब, विमान, दोन रंगांचा लेझर असे सगळे साधन हाती आले तरी ते एका माणसाच्या हयातीत दिसणार नाही. इतका लहान दर मोजायचा तर शेकडो किलोमीटरच्या रेषा लागतात, आणि ते काम कायमस्वरूपी जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान ठरवणारी) स्टेशनेच करू शकतात, कारण त्यांची आडवी अचूकता काही मि.मी.ची असून ती अंतराबरोबर फारशी घसरत नाही.

याचा अर्थ धोका नाही असा मात्र विद्यार्थ्यांनी घेऊ नये. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप याच मंद ताणाच्या पठारावर झाले. पृष्ठभागावरच्या छोट्या जाळीत बदल न दिसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नाही, एवढे प्रकल्पाच्या अहवालात स्पष्ट लिहावे.

विषय बदलू नये, लक्ष्य बदलावे. गंगापूर धरण मातीचे आहे आणि पाण्याची पातळी चढते-उतरते तसा मातीच्या धरणाचा माथा हलतो. धरणाबाहेर सलग खडकावर संदर्भखांब आणि माथ्यावर प्रिझम अशी रचना केली तर रेषा पाचशे-सहाशे मीटरच्या राहतात. तापमानात १ अंशाची चूक झाली तरी ती अर्ध्या मि.मी.च्या आसपास थांबते, आणि अपेक्षित हालचाल मि.मी.मध्ये असते. त्यासाठी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागेल. शिवाय धरणांच्या अभ्यासाचे काम करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था नाशिकमध्ये दिंडोरी रस्त्यावरच आहे, तिथे आधी विचारणा करावी. परवानगी मिळाली नाही तर दरड कोसळण्याची शक्यता असलेला एखादा डोंगरउतार घ्यावा. तिथेही रेषा लहान आणि हालचाल मोठी असते.

कोणतेही लक्ष्य घेतले तरी मोजणी ढगाळ आणि वाऱ्याच्या दिवशी करावी, कारण तेव्हा टोकाचे तापमान मार्गाच्या सरासरीजवळ असते. थर्मामीटर सावलीत, खडकापासून शक्य तितक्या उंच काठीवर, दोन्ही टोकांना ठेवावा. यंत्रातील पीपीएम शून्यावर ठेवून कच्चे तिरकस अंतर नोंदवावे, आणि तापमान, दाब, वेळ, यंत्राचा व प्रिझमचा क्रमांक शेजारच्या रकान्यांत लिहावा. दुरुस्ती नंतर कागदावर करता येते. एकदा यंत्राने परस्पर केलेली दुरुस्ती मात्र, तिच्यात कोणता आकडा भरला होता ते लिहिलेले नसेल, तर पाच वर्षांनी कोणालाही उलगडता येत नाही. जानेवारी आणि मे या दोन्ही मोजण्यांत भरलेले आकडे आपल्याकडे असतील तर ते इथे द्यावेत. त्यांवरून दोन्ही कच्ची अंतरे परत काढता येतील आणि नव्या जाळीच्या वहीत पहिली नोंद म्हणून ठेवता येतील.